क्वीनचा पहिला अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वीन या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की गाडी थेट १९७५ वर, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यावर जाऊन थांबते. त्याच्या दोन वर्षं आधी आलेल्या पहिल्या अल्बमबद्दल विचारलं, तर मुरलेले चाहतेसुद्धा "हो, ऐकलाय बहुतेक" म्हणत विषय बदलतात. मी हा अल्बम बरीच वर्षं लोकांच्या गळ्यात मारत आलोय, त्यामुळे तेच तेच प्रश्नही ऐकत आलोय. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीचा ना?

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. क्वीनच्या या गायकाचा जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. घराणं पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसारकडचं, म्हणून आडनाव बलसारा. पाळण्यातलं नाव फरोख. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. पियानोचे धडे त्याने तिथे गिरवले, फ्रेडी हे नावही तिथलंच. १९५८ मध्ये शाळेतल्या पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात गायक दुसराच मुलगा होता आणि फ्रेडी पियानोवर. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि कुटुंबाने चंबूगबाळं आवरून लंडनजवळचं फेल्टम गाठलं.

तेव्हा पाचगणीचा हक्क आहे, पण बेताचाच. या अल्बममधलं काहीही सातारा जिल्ह्यात लिहिलेलं नाही. एक मात्र आहे: तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 'जीझस' नावाचं फ्रेडीचं गाणं आहे. पारशी घरातल्या मुलाला ते सुचावं, यात चर्चच्या शाळेत काढलेल्या वर्षांचा काहीतरी वाटा असणार, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

बाकीचे तिघे कोण, आणि एकत्र कसे आले?

'स्माइल' नावाचा एक बँड होता. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर, आणि गायला व बास गिटारला टिम स्टाफेल. ब्रायन इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होता, रॉजर दाताचा डॉक्टर व्हायला लंडनला आला होता. टिम आणि फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयातले सोबती. १९७० मध्ये टिम बाहेर पडला, फ्रेडी आत आला आणि आल्या आल्या बँडचं नाव 'क्वीन' करायला लावलं. बासवर तीन जण आले नि गेले. मग १९७१ मध्ये जॉन डीकन मिळाला, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, मितभाषी. तो टिकला.

पोटापाण्याचं म्हणाल तर फ्रेडी आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवायचे. ब्रायन सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी करत होता. ती अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये, साठीच्या घरात, पुरी केली.

रेकॉर्ड कंपनी पाठीशी नसताना यांना स्टुडिओ कसा मिळाला?

आवाज मोठा म्हणून. डी लेन ली हा स्टुडिओ १९७१ च्या अखेरीस वेम्बलीच्या नव्या जागेत जात होता. नवी यंत्रं तपासायची होती, एका खोलीतला आवाज दुसरीत झिरपतो का ते पाहायचं होतं. त्यासाठी दणदणीत वाजवणारा कुणीतरी हवा होता. क्वीनने मनसोक्त धिंगाणा घालायचा आणि बदल्यात गाण्यांचं नमुना रेकॉर्डिंग फुकट न्यायचं, असा सौदा. ल्यूई ऑस्टिन या ध्वनितंत्रज्ञाच्या हाताखाली पाच गाणी झाली: 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह', 'द नाइट कम्स डाउन', 'ग्रेट किंग रॅट', 'जीझस' आणि 'लायर'.

या पाच गाण्यांची टेप घेऊन ते कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिले. पण खरा फायदा वेगळ्याच वाटेने झाला. तिथे जॉन अँथनी आणि रॉय थॉमस बेकर हे दोन निर्माते येऊन गेले, त्यांनी यांना वाजवताना पाहिलं आणि ट्रायडंट स्टुडिओच्या शेफील्ड बंधूंच्या कानावर घातलं.

'डेड टाइम'मध्ये रेकॉर्डिंग केलं म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

खानावळीत शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर वाढप्यांची पंगत बसते, तसं.

ट्रायडंट हा सोहोमधल्या सेंट ॲन्स कोर्ट या अरुंद बोळातला स्टुडिओ. बीटल्सनी 'हे जूड' इथे ध्वनिमुद्रित केलं होतं, डेव्हिड बोवी आणि एल्टन जॉन इथले नेहमीचे. स्टुडिओचे मालक नॉर्मन आणि बॅरी शेफील्ड यांनी क्वीनशी केलेल्या करारात सगळंच एका छपराखाली होतं: रेकॉर्डिंग ट्रायडंट करणार, गाण्यांचे हक्क ट्रायडंट सांभाळणार, व्यवस्थापनही ट्रायडंटकडे, आणि तयार माल रेकॉर्ड कंपनीला विकणारही तेच. (हे प्रकरण पुढे इतकं चिघळलं की १९७५ मध्ये काडीमोड झाला. तो वेगळा अध्याय.)

आता ज्यांच्याकडून पैसे येत नाहीत त्यांना स्टुडिओचा भरधंद्याचा वेळ कोण देणार? पैसे मोजणारा कलाकार उठला की मधल्या मोकळ्या तासांत क्वीनने आत शिरायचं. बहुतेकदा ही वेळ मध्यरात्र उलटल्यावरची. बोळात थांबायचं, निरोप आला की घाईने वाद्यं मांडायची, हात बसेपर्यंत पहाट व्हायची आणि सकाळच्या गिऱ्हाइकाआधी सगळं आवरून बाहेर. १९७२ च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत हे असं चाललं.

यातली खरी अडचण झोपेची नव्हती. स्टुडिओत काम करणाऱ्याला कळेल: ड्रमसमोर मायक्रोफोन कुठे ठेवला, ड्रम किती ताणला, ॲम्प्लिफायर कुठल्या कोपऱ्यात होता, यावर सूर ठरतो. एकदा बसवलेली घडी तशीच ठेवता आली तर दुसऱ्या दिवशी पुढे जाता येतं. यांची घडी रोज मोडत होती. आठवड्याने परत आले की पुन्हा श्रीगणेशा. त्यात जॉन अँथनी मध्येच आजारी पडला आणि बेकर व बँड एवढेच उरले. अल्बममध्ये जी ओढाताण ऐकू येते, ती मला बऱ्याच अंशी या उष्ट्या तासांची वाटते. गाणी भव्य, आणि अंग चोरून वाजवलेली.

ड्रमचा आवाज असा पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा का?

कारण ट्रायडंटला तसाच हवा होता. तेव्हाची फॅशनच ती. एका छोट्या कोंदट खोलीत ड्रम, त्यांवर चिकटपट्ट्या आणि कापडं, म्हणजे ठोका पडला की लगेच मेला पाहिजे. रॉजरची वाजवण्याची तऱ्हा बरोब्बर उलटी, त्याला ड्रम घुमायला हवे. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही आणि बँडने पुढची पन्नास वर्षं त्याची कुरकुर केली.

पटत नसेल तर एक प्रयोग करा. हेडफोन लावा आणि दुसऱ्या बाजूची पहिली दोन गाणी ओळीने ऐका. 'लायर' ट्रायडंटचं आहे. साडेसहा मिनिटांना जरा कमी, आवाजांचे थरावर थर, सगळं कसं कोरडं आणि आवळलेलं. लगेच पुढे 'द नाइट कम्स डाउन' लागतं आणि एकदम कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं. गिटारच्या तारांची थरथर ऐकू येते, झांजांना श्वास आहे. कारण हे गाणं वेम्बलीच्या त्या फुकटच्या टेपवरचं आहे. ट्रायडंटमध्ये त्यांनी ते पुन्हा करून पाहिलं, पण मनासारखं होईना, तेव्हा जुनंच घेतलं. परीक्षेसाठी फुकटात वाजवलेलं अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यात मोकळं वाटावं, याला काय म्हणायचं!

कव्हरवर 'कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही' असं का लिहिलंय? कोण विचारणार होतं?

विचारलं असतं. ब्रायन एकाच गाण्यात गिटारचे सूर एकावर एक चढवतो, त्यांतून कधी व्हायोलिनचा ताफा तर कधी तुताऱ्यांचा भास होतो. ऐकणाऱ्याला वाटणार, यंत्राची करामत. म्हणून आधीच सांगून टाकलं. हा अभिमान त्यांनी १९८० पर्यंत जपला, मग स्वतःच सिंथेसायझर विकत घेतला.

ती गिटार मात्र बघण्यासारखी चीज आहे. ब्रायन आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी १९६३ मध्ये ती घरी करायला घेतली, कारण नवी घेण्याची ऐपत नव्हती. दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या शंभर वर्षं जुन्या लाकडाचा. सूर हलवण्याच्या दांडीला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक, आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, आणि पट्टीवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. नाव 'रेड स्पेशल'. वाजवायला प्लास्टिकची नखी नाही, सहा पेन्सचं नाणं. 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'च्या सुरुवातीला गिटार एकटीच असते. कान देऊन ऐकलं तर तारेवर नाण्याची कड घासल्याचा बारीक करकरीतपणा जाणवतो. मी हे शोधण्यात एक अख्खी दुपार घालवली आहे. घरच्यांचं मत विचारू नका.

'मर्क्युरी' हे आडनाव याच अल्बममधून आलं का?

ब्रायन तसंच सांगतो. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'माय फेअरी किंग' हे फ्रेडीने रचलेलं परीकथेतलं राज्य आहे: उडते घोडे, जादूच्या नद्या, आणि मग सगळ्याचा विध्वंस. त्यातल्या एका ओळीत 'मदर मर्क्युरी' अशी हाक येते. फ्रेडीने सांगितलं की ती माझी आई आहे, आणि मग आपण मर्क्युरी होणार हे ओघानेच आलं. बलसारा कागदपत्रांपुरता उरला.

या गाण्याचं आणखी एक महत्त्व आहे. यात फ्रेडीचा पियानो पहिल्यांदा पूर्ण ताकदीने येतो. 'डूइंग ऑल राइट' या स्माइलच्या काळातल्या गाण्यात पियानोवर ब्रायन आहे. 'माय फेअरी किंग'मध्ये फ्रेडी स्टुडिओत बसून आवाजावर आवाज रचत गेला. पुढे जे प्रचंड प्रयोग झाले त्यांची कच्ची वही म्हणजे ही चार मिनिटं.

'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'चं मिक्सिंग इतकं का रखडलं?

मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र जुळवणं. ते कुणालाच पसंत पडेना म्हणून. नमुना टेपवरचं रूप ब्रायनच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की ट्रायडंटचं प्रत्येक मिक्स त्याला बेजान वाटायचं. एकामागून एक करून झाली. शेवटी माइक स्टोन नावाच्या तरुण सहायकाने केलेलं मिक्स सगळ्यांनी मान्य केलं. पुढे तो बँडचा खास माणूस झाला. ब्रायन आजही डी लेन लीच्या टेपची बाजू घेतो, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर आहे.

नोव्हेंबर १९७२ ला तयार झालेला अल्बम जुलै १९७३ पर्यंत पडून का राहिला?

घेणारा मिळेना. ट्रायडंटने आधी माल तयार केला आणि मग बाजार शोधला. फेब्रुवारी १९७३ मध्ये बीबीसी रेडिओने त्यांची चार गाणी वाजवली, तेव्हा अल्बम तर सोडाच, हातात कंपनीचा कागदही नव्हता. पुढच्या महिन्यात ईएमआयशी जुळलं, अमेरिकेत इलेक्ट्राशी. इंग्लंडमध्ये १३ जुलैला तबकडी आली, अमेरिकेत सप्टेंबरात.

हे मधले आठ महिने त्यांना फार डाचले. चकचकीत कपडे, रंगवलेले चेहरे, नाटकी गाणी, हे सगळं तेवढ्यात इंग्लंडभर फोफावलं होतं. आपण हे तीन वर्षं करतोय आणि आता लोक म्हणणार, आले नक्कलाकार. झालंही तसंच. म्हणून कव्हरच्या मागे त्यांनी चक्क लिहून ठेवलंय की गेल्या तीन वर्षांतलं क्वीनचं संगीत अखेर थोडंफार इथे उतरलं आहे. 'अखेर' या शब्दात सगळा राग आहे.

याच काळातला एक उपद्व्याप: ट्रायडंटमध्ये ताटकळत असताना तिथल्या रॉबिन जेफ्री केबल या ध्वनितंत्रज्ञाने फ्रेडीला दुसऱ्यांची दोन जुनी गाणी गायला बोलावलं. ब्रायन आणि रॉजरही मदतीला होते. ती ईएमआयने 'लॅरी ल्युरेक्स' या टोपणनावाने काढली, तेव्हा गाजत असलेल्या गॅरी ग्लिटर या गायकाच्या नावाची टिंगल म्हणून. क्वीनच्या स्वतःच्या पहिल्या सिंगलच्या (अल्बममधलं एखादं गाणं वेगळ्या छोट्या तबकडीवर काढतात ते) जेमतेम आठवडाभर आधी. अर्थातच आपटली.

कव्हरवर एकटा फ्रेडीच का? आणि 'डीकन जॉन' कोण?

डग्लस पडिफूट या मित्राने रंगमंचावरचे फोटो काढले होते. त्यातला प्रखर झोतात उभा असलेला, माइकची दांडी धरलेला छोटासा फ्रेडी निवडला. चेहरा ओळखूही येत नाही. मागच्या बाजूचं चिकटचित्रही घरगुती, कात्री-डिंकाचं काम.

'डीकन जॉन' म्हणजे आपला जॉन डीकनच. उलटं लिहिलं तर जरा वजनदार वाटेल असं बाकीच्यांना वाटलं. त्याला ते आवडलं नाही, पुढच्या अल्बमवर नाव सरळ झालं. बँडचं राजचिन्ह फ्रेडीने काढलेलं. ग्राफिक डिझाइन शिकल्याचा उपयोग. त्यातले दोन सिंह म्हणजे रॉजर आणि जॉन, खेकडा ब्रायन, आणि दोन पऱ्या म्हणजे कन्या राशीचा स्वतः फ्रेडी. पत्रिका बघून काढलेलं बोधचिन्ह म्हणा ना.

मग चालला का?

नाही. ६ जुलैला आलेलं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे सिंगल इंग्लंडच्या खपाच्या यादीत कुठेच लागलं नाही. अल्बमही तेव्हा गडप. समीक्षकांपैकी काहींनी झोडपलं, अमेरिकेत काहींनी पाठ थोपटली. तिथे तो ८३ व्या क्रमांकापर्यंत गेला.

एक किस्सा सांगण्यासारखा. बीबीसीच्या 'ओल्ड ग्रे विसल टेस्ट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाकडे या तबकडीची कोऱ्या लेबलची प्रत पोचली, बँडचं नावगाव काही नाही. गाणं आवडलं म्हणून त्यांनी जुन्या कार्टूनमधली धावती आगगाडी त्याला जोडून दाखवून टाकली. 'हे कोण वाजवतंय?' म्हणून लोकांनी विचारणा केली. पहिली प्रसिद्धी मिळाली ती अशी, निनावी.

पाय रोवले ते गावोगाव फिरून. नोव्हेंबर-डिसेंबर १९७३ मध्ये मॉट द हूपल या बँडच्या दौऱ्यात आधी अर्धा-पाऊण तास वाजवायचं काम मिळालं. मुख्य बँडला बघायला आलेले लोक यांची चौकशी करत घरी जाऊ लागले.

'मॅड द स्वाइन' हे गाणं कुठल्या आवृत्तीत आहे? आणि नवी २०२४ ची घ्यावी का?

'मॅड द स्वाइन' हे मूळ अल्बमसाठीच रेकॉर्ड केलेलं. बेकर आणि बँड यांचं तालवाद्यांच्या आवाजावरून वाजलं आणि ते वगळलं गेलं. (ड्रमवरून भांडण, पुन्हा.) ते बाहेर यायला १९९१ उजाडलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रायन आणि रॉजरने अख्खा अल्बम मूळ टेपपासून पुन्हा मिसळून काढला, 'क्वीन १' या नावाने. 'मॅड द स्वाइन' 'ग्रेट किंग रॅट'नंतर आपल्या जागी परत आलं, ड्रम घुमायला लागले. नुसतं पॉलिश नाही, जवळजवळ नव्याने बांधणी. मोठ्या पेटीत ६ सीडी, १ एलपी आणि एकूण ६३ ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांत डी लेन लीचे नमुनेही. ती पेटी महाग आहे. पण त्या नमुन्यांसाठी मी ती घेतली आणि पस्तावलो नाही.

तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी जुनंच मिक्स सुचवतो, २०११ च्या आवृत्तीतलं. नवं ऐकून जुन्यावर आलात तर ते फक्त मळकट वाटेल. उलट क्रमाने गेलात तर पन्नास वर्षं यांना काय खुपत होतं ते कळेल. जुन्या बाजारात मूळ इंग्लिश तबकडी दिसली तर क्रमांक बघा: ईएमसी ३००६.

शेवटचं 'सेव्हन सीज ऑफ राय' असं मध्येच का विरून जातं? माझी फाइल खराब आहे का?

फाइल ठीक आहे. ते गाणं तेव्हा पुरतं झालंच नव्हतं. सव्वा मिनिटाचा शब्दाविना तुकडा शेवटी लावला, दुसरा अल्बम याच्यापासून सुरू करू अशा विचाराने. पूर्ण गाणं दुसऱ्या अल्बमवर आलं खरं, पण तिथेही शेवटी. १९७४ मध्ये त्याचं सिंगल इंग्लंडमध्ये १० व्या क्रमांकावर गेलं, दुसरा अल्बम ५ व्या. तेव्हा कुठे लोकांनी मागे वळून पहिला शोधला आणि तोही २४ व्या क्रमांकापर्यंत चढला.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो मित्राने भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर. साधारण ३८ मिनिटांचा अल्बम एका बाजूला मावला होता. शेवटचा तुकडा विरला तेव्हा मला वाटलं टेप अडकली. झाकण उघडून पेन्सिलीने रीळ फिरवलं, पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच विरलं. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "अरे, पुढचं दुसऱ्या कॅसेटवर आहे. शनिवारी ये."